खिशातला कॅमेरा कसा पारखावा

रोजच्या वापरासाठी छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा असेल, तर पहिली पारख कॅमेऱ्याची नव्हे, आपल्याच जुन्या छायाचित्रांची करावी. गेल्या वर्षभरात फोनवर किंवा दुसऱ्या कोणत्याही साधनावर काढलेली छायाचित्रे एका बैठकीत पाहावीत, जी फसली ती बाजूला काढावीत आणि प्रत्येक चित्र का फसले हे एका ओळीत लिहावे. बहुतेकांच्या यादीत फिरून फिरून चार-पाचच कारणे येतात. दिव्याच्या उजेडात मूल हलले आणि चेहरा पुसट आला. झाडावरचा पक्षी ठिपक्याएवढा आला. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडला. बटण दाबले तेव्हा हसू होते, चित्रात ते ओसरलेले होते. किंवा कॅमेरा जवळच नव्हता. ही यादी म्हणजे आपल्या भावी कॅमेऱ्याची प्रश्नपत्रिका. प्रत्येकाची प्रश्नपत्रिका वेगळी असल्यामुळे ‘सर्वांत चांगला छोटा कॅमेरा कोणता’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

मी स्वतः एकदा हा क्रम उलटा केला होता. खोक्यावरचा ३० पट झूमचा आकडा पाहून कॅमेरा घेतला आणि वर्षअखेरीस चित्रे चाळली, तेव्हा लक्षात आले की बहुतेक सगळी चित्रे झूम न वापरता, घरात, संध्याकाळनंतर काढलेली होती, आणि नेमक्या त्याच कामात तो कॅमेरा सर्वांत दुबळा होता. कॅमेऱ्यात दोष काहीच नव्हता. मी त्याला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाहून निवडले होते.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. हल्लीचा चांगला फोन एका दाबात अनेक चौकटी टिपतो आणि त्या एकत्र करून एक चित्र बनवतो. लहान सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या लहान चिपच्या, साध्या कॅमेऱ्यात ही करामत सहसा नसते. त्यामुळे कॅमेरा फोनपेक्षा सरस ठरावा असे वाटत असेल, तर त्याच्याकडे मोठा सेन्सर, खरा, म्हणजे भिंगे सरकवून होणारा, ऑप्टिकल झूम किंवा हाताला कळणारी बटणे-चाके, यांपैकी निदान एक गोष्ट असायला हवी. तिन्हींपैकी एकही नसेल, तर पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नये.

सेन्सर: नावातला इंच आणि खरा मिलिमीटर

सेन्सरच्या आकाराची नावे दिशाभूल करणारी आहेत. ‘एक इंची’ म्हटलेल्या सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच नसते, त्याचा कर्णही एक इंच नसतो. हे मोजमाप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेले आहे. त्या नळीचा प्रत्यक्ष चित्र टिपणारा भाग व्यासाच्या सुमारे दोन-तृतीयांश असे. म्हणून नाव बाजूला ठेवून मिलिमीटर पाहावेत. साध्या छोट्या कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे अंदाजे २८ चौरस मिमीचा असतो. एक इंची सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिमीचा, चौपट मोठा. एपीएस-सी जातीचा सेन्सर बहुधा २३.५ × १५.६ मिमीच्या आसपास, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिमी. एक इंची सेन्सर खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात रुजवला तो सोनीच्या आरएक्स१०० ने, २०१२ साली. रिकोच्या जीआर मालिकेने २०१३ पासून एपीएस-सी सेन्सर जवळपास तेवढ्याच आकारात बसवला, मात्र त्यासाठी झूमवर पाणी सोडले. छोट्या कॅमेऱ्याच्या जगात ही देवाणघेवाण सतत दिसते: सेन्सर मोठा, झूम लांब आणि शरीर लहान, या तीन गोष्टी एका ठिकाणी मिळत नाहीत. तिन्ही असल्याचा दावा कुठे दिसला, तर लेन्सच्या तोंडावरचे आकडे नीट वाचावेत. तिथे काहीतरी सोडलेले असतेच.

मेगापिक्सेलवर फार वेळ खर्च करू नये. ४००० × ३००० पिक्सेलचे, म्हणजे १२ मेगापिक्सेलचे चित्र ३०० ठिपके प्रतिइंच या दर्जाने १३ × १० इंचांपर्यंत छापता येते, आणि ४के पडद्याला तर सुमारे ८३ लाख पिक्सेलच लागतात. आकडा वाढवण्याच्या शर्यतीतून एका कंपनीने उघडपणे माघार घेतल्याचे उदाहरणही आहे: कॅननचा २००८ चा जी१० हा १४.७ मेगापिक्सेलचा होता आणि पुढच्याच वर्षीचा जी११ मुद्दाम १० मेगापिक्सेलचा काढला गेला, कारण तेवढ्याच सेन्सरवर कमी आणि मोठे पिक्सेल ठेवण्याचा मार्ग निवडला गेला. चित्र कापून वापरण्याची सवय असेल, विशेषतः झूम नसलेला कॅमेरा घ्यायचा असेल, तर मात्र जादा पिक्सेल उपयोगी पडतात.

लेन्स: दोन्ही टोकांचे आकडे

लेन्सच्या कडेला दोन जोड्या लिहिलेल्या असतात, फोकल लेंग्थची (आकडा लहान तितकी चौकट रुंद) आणि ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाची. जाहिरातीत बहुधा ॲपर्चरचा पहिलाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. एफचा आकडा जितका लहान, तितके भोक मोठे; म्हणून एफ/१.८ वाचून आनंद होतो, पण तो आकडा फक्त सर्वांत रुंद कोनापुरता खरा असतो. पहिल्या आरएक्स१०० ची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात, म्हणजे वेगवेगळ्या सेन्सरची तुलना करण्याच्या सामाईक मापात, २८ मिमीला एफ/१.८ आणि १०० मिमीला एफ/४.९ होते. प्रकाश एफ-आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे झूमच्या टोकाला या लेन्समधून सेन्सरवर पडणारा प्रकाश सुरुवातीच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी असतो. कॅननच्या जी७ एक्स मार्क २ ची लेन्स २४ मिमीला एफ/१.८ आणि १०० मिमीला एफ/२.८ असल्याने तिथे ही घट अडीच पटींच्या आतच राहते. दोन्ही कॅमेऱ्यांचे सेन्सर एकाच आकाराचे आहेत आणि दोन्हींच्या जाहिरातीत एफ/१.८ आहे. घरातल्या समारंभात थोडे लांबून चेहरे टिपणाऱ्या माणसासाठी मात्र ते दोन अगदी वेगळे कॅमेरे ठरतात.

हा फरक चित्रात कसा उतरतो, ते हिशेब मांडून पाहावे. रात्रीच्या साध्या दिव्यांच्या उजेडात, आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याची कॅमेऱ्याची पातळी) १६०० ठेवून, एफ/१.८ ला शटरचा वेग, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, साधारण १/१६० सेकंद मिळतो. तोच उजेड, तोच आयएसओ, पण लेन्स एफ/५.६ असेल तर वेग १/१५ सेकंदाच्या आसपास घसरतो. १/१६० ला गप्पा मारणारा माणूस स्पष्ट येतो. १/१५ ला तो फक्त स्थिर बसला असेल तरच येतो.

फार लांब झूमच्या कॅमेऱ्यांत आणखी एक अडचण दडलेली असते. भोक जितके बारीक, तितका प्रकाश कडांवर वाकतो आणि बिंदूची चकती होते. एफ/६.३ ला हिरव्या प्रकाशाच्या एका बिंदूची चकती सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची पडते, आणि १/२.३ इंची सेन्सरवर २० मेगापिक्सेल कोंबले, तर प्रत्येक पिक्सेल अवघा १.२ मायक्रोमीटरचा असतो. एक बिंदू सहा-सात पिक्सेलांवर पसरला, की खोक्यावरच्या मेगापिक्सेलचा मोठा भाग कागदोपत्रीच उरतो. लांबचा पक्षी मोठा दिसेल, पण त्याच्या पिसांतला तपशील दिसेलच असे नाही. ज्याला पक्षीच टिपायचे आहेत त्याने हे जाणून तो कॅमेरा घ्यावा. भर उन्हात तो चांगले काम करतो.

आपल्याला कोणती फोकल लेंग्थ लागते, हे अंदाजाने ठरवू नये. मूळ डिजिटल चित्राच्या फाइलमध्ये ती बहुधा नोंदलेली असते. जुन्या शंभरएक चित्रांच्या नोंदी पाहिल्या, तर आपला हात कुठे स्थिरावतो ते कळते. झूम नसलेला कॅमेरा मनात असेल, तर जवळच्या झूम कॅमेऱ्यावर किंवा फोनवर तेवढीच चौकट बांधून आठवडाभर वावरावे. २८ मिमी, म्हणजे जीआर ३ ची लेन्स, बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या जवळची आहे. ३५ मिमी, म्हणजे फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेची, किंचित अरुंद. आणि ४० मिमी, म्हणजे जीआर ३एक्स ची, त्याहून थोडी अरुंद. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकली, की तो किती मोठा आहे ते कळते.

किमान फोकस अंतरही दोन्ही टोकांना वेगवेगळे असते आणि ते तपासायला बहुतेक जण विसरतात. आरएक्स१०० रुंद कोनात ५ सेंमीवरून फोकस करतो, पण झूमच्या टोकाला ५५ सेंमी अंतर मागतो. ताटातला पदार्थ, फूल, पुस्तकाचे पान अशी चित्रे झूम करून काढण्याची सवय असेल, तर कॅमेरा हातात आल्यावर हेच पहिल्यांदा करून पाहावे.

आता प्रत्यक्ष लेन्सची तपासणी. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची मोठी पाने ताणून चिकटवावीत, कॅमेरा टेबलावर किंवा तिपाईवर भिंतीला शक्य तितका समांतर ठेवावा, सेल्फ टायमर लावावा आणि झूमच्या सुरुवातीला, मध्यावर व टोकाला, भोक पूर्ण उघडे ठेवून आणि मग एक-दोन पायऱ्या (दर पायरीला प्रकाश निम्मा) बारीक करून चित्रे घ्यावीत. चारही कोपऱ्यांतली अक्षरे मध्यापेक्षा थोडी मऊ असणे स्वाभाविक आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर असेल, तर कॅमेरा उलटा, म्हणजे डोके खाली करून ठेवावा आणि तेच चित्र पुन्हा घ्यावे. धूसरपणा कॅमेऱ्याच्या त्याच कोपऱ्याला चिकटून राहिला, तर लेन्सचे भिंग जागेवर नीट बसलेले नाही. भिंतीच्या त्याच भागाला चिकटून राहिला, तर दोष आपल्या मांडणीचा आहे. एकाच प्रकारच्या दोन कॅमेऱ्यांत इथे फरक निघू शकतो, म्हणून परीक्षणे कितीही चांगली असली, तरी आपल्या हातातला नग तपासायला हवा. रुंद कोनात सरळ रेषा फुगीर दिसणे हा दोष बहुतेक छोटे कॅमेरे सॉफ्टवेअरने आतल्या आत सुधारतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर तो दिसला, तर दचकू नये.

वेग: घड्याळ समोर ठेवून

निसटलेला क्षण ही तक्रार प्रश्नपत्रिकेत असेल, तर हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तपशीलपत्रकात त्याविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. सेकंदाला किती चित्रे, हा आकडा असतो. पहिले चित्र कधी, हा नसतो. ‘बंद’पासून पहिल्या चित्रापर्यंतचा वेळ आधी मोजावा. लेन्स बाहेर येणारा कॅमेरा इथे थोडा मागे पडतो. तेवढ्याच महत्त्वाचे म्हणजे झोपलेला कॅमेरा अर्ध्या दाबाने किती लवकर जागा होतो, कारण दिवसभर गळ्यात असलेला कॅमेरा बंद कमी वेळा असतो आणि झोपलेला जास्त वेळा.

शटरची दिरंगाई घरी मोजता येते. फोनवर शतांश सेकंद दाखवणारे स्टॉपवॉच सुरू करावे, कॅमेऱ्याने ते चौकटीत धरावे, बटण अर्धे दाबून फोकस आधीच बांधावा आणि पूर्ण सेकंदाचा आकडा दिसता क्षणी बटण पूर्ण दाबावे. चित्रात जो आकडा येईल, त्यातून पूर्ण सेकंद वजा करावेत. असे दहा वेळा करावे आणि सरासरी काढावी. मग तीच दहा चित्रे फोकस न बांधता, एका दमात बटण दाबून घ्यावीत. दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे फोकस शोधायला कॅमेऱ्याने घेतलेला वेळ. आपल्या बोटाची स्वतःची दिरंगाई दोन्हींत सारखीच असल्यामुळे ती वजाबाकीत निघून जाते. फोनचा पडदा सेकंदात ठरावीक वेळाच ताजा होतो, त्यामुळे शेवटच्या शतांशावर विसंबू नये, पण दशांशाच्या पातळीवर ही रीत पुरेशी खरी आहे. मग दिवे मंद करून सगळे पुन्हा करावे. उजेडात चटकन फोकस करणारा कॅमेरा अंधुक खोलीत मागेपुढे चाचपडू लागला, तर तोच अनुभव प्रत्यक्ष वापरातही येणार आहे. पण मंद उजेडात फोनचा पडदा स्वतः प्रकाशमान असल्याने फोकसला तो सोपा जातो; म्हणून खरी परीक्षा साध्या कपड्यातल्या माणसावर घ्यावी.

काही कॅमेऱ्यांनी या अडचणीला बगल दिली आहे. जीआर मालिकेत फोकस एका ठरवलेल्या अंतरावर, उदाहरणार्थ २ मीटरवर, बांधून ठेवता येतो आणि बटण एका दमात दाबले, की फोकस न शोधता त्या अंतरावर चित्र निघते. भोक थोडे बारीक ठेवले, तर पुढचा-मागचा बराच पट्टा स्पष्ट येतो. ही सोय इतर कॅमेऱ्यांत हाताने फोकस बांधून काही अंशी मिळवता येते. ती किती बटणांत मिळते, हे पाहावे.

सलग चित्रे घेताना एक गोष्ट विसरू नये. रॉ फाइल मोठी असते आणि कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती भरली, की तो काही सेकंद अडून बसतो. त्या वेळात मेनू उघडतो का, मागचे चित्र पाहता येते का, की सगळेच गोठते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. ही चाचणी आपल्या नेहमीच्या मेमरी कार्डावरच करावी.

अंधुक उजेड आणि पाठीमागचा उजेड

आयएसओची चाचणी दुपारच्या उजेडात घेण्यात अर्थ नाही. आपण जिथे संध्याकाळी बसतो त्या खोलीत, नेहमीच्याच दिव्यांत, एका माणसाला बसवून आयएसओ ४०० पासून ६४०० पर्यंत दर दुपटीला एकेक चित्र घ्यावे, जेपीईजी आणि रॉ दोन्ही. चित्र पाहताना ते शंभर टक्के मोठे करून दाणे, म्हणजे कमी उजेडात उमटणारे बारीक ठिपके, मोजण्याचा मोह आवरावा. ज्या आकारात ते चित्र शेवटी पाहिले जाणार आहे, त्याच आकारात पाहावे आणि केस, भुवया, कापडाची वीण यांकडे लक्ष द्यावे. दाणे दिसणे हा माझ्या मते तितका मोठा दोष नाही. दाणे पुसण्याच्या नादात कॅमेऱ्याने केसांचे मेण आणि कापडाचा रंगीत डाग केला असेल, तर तो मोठा दोष आहे. असे होत असेल, तर दाणे घालवण्याची मात्रा मेनूतून कमी करता येते का, ते पाहावे. त्वचेचा रंगही इथेच तपासावा. पिवळ्या दिव्यात चेहरे नारिंगी करणारा किंवा उलट ओढून निळसर फिकट करणारा कॅमेरा प्रत्येक चित्रात दुरुस्तीचे काम लावून देतो.

स्थिरीकरणाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते आपल्या हाताचा कंप सावरते; समोरच्या माणसाची हालचाल ते थांबवू शकत नाही. त्याची परीक्षा घेण्यासाठी शटर १/८ सेकंदावर ठेवून एकाच स्थिर वस्तूची दहा चित्रे हातात धरून घ्यावीत आणि किती स्पष्ट आली ते मोजावे. मग स्थिरीकरण बंद करून आणखी दहा. दहापैकी आठ आणि दहापैकी तीन, असा फरक दिसला, तर ते काम करत आहे. पण प्रश्नपत्रिकेत पळणारे मूल असेल, तर हे गुण त्या प्रश्नाला लागू पडत नाहीत. तिथे १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर हवे, आणि ते मोठ्या सेन्सरने व मोठ्या भोकानेच मिळते. म्हणून स्वयंचलित आयएसओ लावताना शटरची किमान मर्यादा आपण ठरवू शकतो का, हे मेनूत शोधावे. ही एक ओळ मेनूत नसेल, तर कॅमेरा कमी आयएसओच्या लोभाने शटर संथ करतो आणि दर वेळी तेच पुसट चित्र हाती येते.

खिडकीकडे पाठ केलेल्या माणसाचे चित्र मुद्दाम काढावे. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, एक पायरी वाढवायला किती वेळ लागतो? अंगठ्याखाली चाक असेल, तर नजर न हलवता होते. मेनूत शिरावे लागत असेल, तर कालांतराने आपण ते करायचेच सोडून देतो. त्याच माणसावर छोटा फ्लॅशही वापरून पाहावा. रात्री दूरवर न पोहोचणारा हा फ्लॅश दिवसा, दोन मीटरांवरच्या चेहऱ्यावरची सावली उजळायला उत्तम असतो. एक्स१०० आणि जी७ एक्स यांसारख्या कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्येच असल्याने वेगवान शटरलाही फ्लॅश जुळतो, ही छोट्या कॅमेऱ्यांची मोठ्या कॅमेऱ्यांवरची फारशी न सांगितली जाणारी सरशी आहे. मात्र अंगचा फ्लॅश प्रत्येक छोट्या कॅमेऱ्यात नसतो; जीआर ३ मध्ये तो नाही.

हात, खिसा आणि बॅटरी

पहिल्या आरएक्स१०० चे वजन बॅटरी व कार्डासह २४० ग्रॅम, जीआर ३ चे २५७ ग्रॅम, आणि एक्स१००व्हीआय चे ५२१ ग्रॅम. पहिले दोन अंगावरच्या कपड्याच्या खिशात जातात. तिसऱ्याला पट्टा किंवा पिशवी लागते. रोजच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत माझे मत असे, की आपण नेहमी घालतो त्या कपड्याच्या खिशात जो बसत नाही, तो रोजचा कॅमेरा होत नाही, मग त्याची चित्रे कितीही सुंदर असोत. ज्यांना पिशवी खांद्यावर वागवण्याची सवयच आहे, त्यांना हा नियम लागू नाही. उन्हात पडदा दिसतो का, एका हाताने चालू करून चित्र घेता येते का, गुळगुळीत शरीर बोटांतून निसटते का, हे दुकानाच्या दिव्यात कळत नाही. दाराबाहेर जाऊन पाहावे. उन्हात पडदा काळाठिक्कर पडत असेल, तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, ही चैन नसून गरज आहे.

बॅटरीच्या आकड्यामागे जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या सिपा या संघटनेची ठरलेली पद्धत असते: दर ३० सेकंदांनी एक चित्र, निम्म्या चित्रांना फ्लॅश, दर दहा चित्रांनंतर कॅमेरा बंद. आपण असे कधीच वापरत नाही, त्यामुळे हा आकडा भाकीत म्हणून घेऊ नये. दोन कॅमेऱ्यांची तुलना करण्यापुरता मात्र तो उपयोगी आहे. आरएक्स१०० ला ३३० चित्रे आणि जीआर ३ ला सुमारे २००, म्हणजे दुसऱ्यासोबत जादा बॅटरी बाळगावीच लागेल. कॅमेऱ्यातच यूएसबीने चार्ज होते का, आणि कोणत्या केबलने, तेही पाहावे.

व्हिडिओ आणि फोनशी वायरलेस जोडणी यांवर इथे फार लिहीत नाही. जोडणी एकदा स्वतःच्या फोनशी करून पाहावी, पाच चित्रे पाठवावीत आणि दहा मिनिटांत जमले नाही, तर ते पुढेही जमणार नाही असे गृहीत धरावे.

वापरलेला कॅमेरा घेताना

लेन्स बाहेर येऊन आत जाणाऱ्या कॅमेऱ्याची रचना लोहाराच्या भात्यासारखी असते; दर वेळी तो थोडी हवा आणि तिच्यासोबत धूळ आत ओढतो. लेन्स काढता येत नसल्यामुळे ती धूळ साफ करायची, तर कॅमेरा खोलावा लागतो. म्हणून भोक सर्वांत बारीक करून, फोकस मुद्दाम सोडून, मोकळ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे आणि त्यात करड्या रंगाचे गोल डाग दिसतात का ते पाहावे. मग लेन्स पूर्ण झाकून, आयएसओ १०० वर एक सेकंदाचे चित्र घ्यावे. काळ्या पटावर लाल, निळे किंवा पांढरे टोकदार ठिपके दिसले, तर ते बिघडलेले पिक्सेल. दोन-चार असणे चालते, आणि काही कॅमेऱ्यांत ते झाकण्याची सोय मेनूत असते. टॉर्च तिरपा धरून भिंगात पाहावे: धूलिकण क्षम्य, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी, आणि ती असलेला कॅमेरा घेऊ नये. लेन्स बाहेर येताना अडखळते का, खरखरते का, ते निदान वीस वेळा चालू-बंद करून ऐकावे. बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवावी; ती डुगडुगली, तर फुगलेली आहे.

फार जुना कॅमेरा घेण्याची हौस सध्या वाढली आहे, विशेषतः त्यांतल्या सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरच्या रंगांसाठी. त्या रंगांतला मोठा भाग सेन्सरच्या जातीचा नसून त्या काळच्या रंगप्रक्रियेचा आहे, असे माझे मत आहे. तरीही कुणाला ते आवडत असतील, तर ते पुरेसे कारण आहे. मात्र कार्ड आधी तपासावे. फुजीफिल्म आणि ऑलिंपसच्या जुन्या कॅमेऱ्यांना २००२ मध्ये आलेले एक्सडी कार्ड लागते, सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक, आणि सुरुवातीचे एसडी कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे कार्ड बहुधा वाचत नाहीत. कॅमेरा चालू स्थितीत, कार्डासह आणि चार्जरसह दाखवला जात नसेल, तर तो विकत न घेतलेला बरा.

आठ दिवसांची कसोटी

एवढे सगळे केल्यावर कॅमेरा हातात आला, की परत करण्याची मुदत वहीत लिहावी आणि पहिले आठ दिवस तो फोनप्रमाणे सतत सोबत ठेवावा. या काळात मेनूशी खेळू नये. एकदा रचना ठरवावी आणि तीच राहू द्यावी. प्रश्नपत्रिकेतले प्रत्येक फसलेले चित्र याच काळात पुन्हा काढावे, त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच माणसांसह, आणि प्रत्येक वेळी फोनवरही एक चित्र घ्यावे. आठव्या दिवशी जुने चित्र, फोनचे नवे आणि कॅमेऱ्याचे नवे, अशी तीन-तीन शेजारी ठेवावीत. नावे झाकून घरातल्या दुसऱ्या कुणाला निवडायला सांगितले, तर आणखी चांगले. मग चित्रांच्या तारखा पाहाव्यात. एखाद्या दिवशी कॅमेऱ्यावर एकही चित्र नसेल, तर त्या दिवशी तो कुठे राहिला होता आणि का, हे त्या तारखेसमोर लिहावे. ‘खिसा जड वाटला’, ‘चार्ज नव्हता’, ‘काढायला लाज वाटली’, जे खरे असेल ते. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ती यादी आणि पहिली यादी एकत्र वाचावी.